पाहुण्या कारागिराचा पगार

‘स्पॉन्सर’ हा इंग्रजी शब्द मराठी घरांत दोन वाटांनी आला. पहिली वाट कोकणातली. १९७०नंतरच्या दशकात तेलाच्या पैशावर आखाती देशांत इमारती उभ्या राहू लागल्या, रत्नागिरी-रायगडची माणसे तिकडे निघाली, आणि ‘व्हिसा कुणाच्या नावावर आहे?’ हा प्रश्न मोहल्ल्यांत रोजचा झाला. अरबीत या माणसाला ‘कफील’ म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. दुसरी वाट मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांतून अमेरिकेला गेली. तिथला स्पॉन्सर म्हणजे एच-१बी व्हिसासाठी अर्ज करणारी कंपनी. एका वाटेवर गवंडी, सुतार, ड्रायव्हर. दुसऱ्या वाटेवर इंजिनीअर. पण दोघांचाही परदेशातला मुक्काम दुसऱ्या कुणाच्या तरी सहीवर अवलंबून.

आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः दुसऱ्या वाटेबद्दल. कारण अमेरिकेने या सहीला पगाराचा नियम जोडून पाहिला आहे, आणि त्यामागे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पगार किती द्यायचा ते कायदा लिहून ठेवतो. पण तो खरोखर मिळतो की नाही, हे त्या माणसाला नोकरी सोडून दुसरीकडे जाता येते की नाही यावर ठरते.

सुरुवात १८८५ सालापासून करू. त्या काळी अमेरिकेतले काही कारखानदार आणि खाणमालक युरोपातून मजूर आणवत. बोटीचे भाडे मालक आगाऊ भरी आणि नंतर ते मजुरीतून कापून घेई. इकडे संप सुरू झाला की तिकडून अशी माणसे आणण्याची सोय होई. मार्टिन फोरन नावाचे ओहायो राज्याचे एक लोकप्रतिनिधी होते. ते लाकडी पिंपे बनवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेचे पूर्वीचे पुढारी. त्यांच्या पुढाकाराने २६ फेब्रुवारी १८८५ रोजी कायदा झाला. परदेशातल्या माणसाशी आधी नोकरीचा करार करून, भाडे भरून त्याला आणणे हा गुन्हा ठरला. दंड माणशी एक हजार डॉलर.

याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. १८९२ साली न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर नवे तपासणी केंद्र सुरू झाले. तिथे उतरणाऱ्याला विचारले जाई, ‘तुला इथे नोकरी ठरली आहे का?’ ‘हो’ म्हटले तर परत पाठवणी होण्याची भीती. ‘नाही, पण मी काम शोधीन’ हे बरोबर उत्तर. आज याच्या नेमके उलट आहे. आज नोकरीचे पत्र हातात नसेल तर कामासाठीचा व्हिसाच मिळत नाही. त्या काळच्या कामगार पुढाऱ्यांचे म्हणणे सरळ होते: मोकळा आलेला माणूस बाजारभावाने मजुरी मागेल, बांधलेला आलेला माणूस मागू शकणार नाही.

बांधलेल्या माणसाचे काय होते, हे आपल्याकडे तेव्हा घडतच होते. १८३४नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती; त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात. करार सामान्यतः पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये, वर शिधा. म्हणजे पगार कागदावर ठरलेला होता. पण एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई, आणि मळा सोडून दुसरीकडे जाता येत नसे. ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन या कराराला ‘गिरमिट’ म्हणू लागले. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ज्यांनी तो करार भोगला त्यांना तो नसल्याबद्दल नवल वाटले असते.

आजच्या संगणक इंजिनीअरला गिरमिटिया म्हणणे अन्यायाचे होईल. तो विमानाने जातो, चांगले कमावतो, घर घेतो. दोन्हीतले साम्य एवढेच आहे की पगाराचा आकडा ठरवून दिला म्हणजे न्याय झाला, असे तेव्हाही मानले गेले आणि नंतरही.

१८८५च्या कायद्यात सवलती होत्या. नट, गायक, कलावंत, व्याख्याते यांना तो लागू नव्हता. देशात नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगाला लागणारा आणि इथे न मिळणारा कुशल कारागीरही आणता येई. कुशल माणसासाठी वेगळे दार ठेवण्याची कल्पना इतकी जुनी आहे. धर्मगुरूंचा उल्लेख मात्र त्या यादीत राहून गेला. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने १८८७ साली इंग्लंडहून एक पाद्री करार करून आणला आणि चर्चवरच खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९२ साली न्यायालयाने सांगितले की हा कायदा स्वस्त अंगमेहनतीचा लोंढा थोपवण्यासाठी आहे, डोक्याने काम करणाऱ्यांसाठी नाही. चर्च सुटले.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. शिकलेल्या माणसाची पिळवणूक होत नाही, त्याला पगाराचे संरक्षण नको, अशी एक समजूत त्यात आहे. ती पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकली. १९१७च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा भाग अमेरिकेला बंद झाला. १९४६ साली भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. १९५२च्या कायद्यात एच-१ हा व्हिसा आला, तो विशेष गुणवत्तेच्या माणसाने तात्पुरत्या कामासाठी यावे म्हणून. १९७० साली काम तात्पुरते असण्याची अट गेली, येणारा माणूस तेवढा तात्पुरता राहिला. पुढे पुढे विशेष गुणवत्तेची कसोटीही सैल होत गेली. या व्हिसाला ना संख्येची मर्यादा होती, ना पगाराचा नियम.

नेमक्या याच काळात मुंबईत नवा धंदा उभा राहत होता. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली सुरू झाली आणि १९७४पासून तिने अमेरिकेतल्या बरोज कंपनीसाठी संगणकाची कामे घेतली. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत अशा कंपन्या आल्या. १९७८ साली पटनी कॉम्प्युटर्स आणि १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. तेव्हा इथे बसून तिकडच्या यंत्रावर काम करण्याची सोय नव्हती. माणूसच ग्राहकाच्या दारात पाठवावा लागे. ग्राहक कंपनीला ताशी दर देई, कंपनी माणसाला पगार देई. मधला फरक हा धंद्याचा नफा. जगात या पद्धतीला ‘बॉडी शॉपिंग’ असे ओबडधोबड नाव पडले. नफा ज्या फरकात आहे, तो फरक वाढवण्याकडे धंद्याचा कल असणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

अमेरिकी इंजिनीअरांच्या आणि कामगार संघटनांच्या तक्रारी वाढल्या आणि १९९०च्या कायद्याने एच-१बी व्हिसा जन्माला आला. २९ नोव्हेंबर १९९० रोजी थोरल्या बुश यांनी त्यावर सही केली. वर्षाला ६५,००० ही मर्यादा, जास्तीत जास्त सहा वर्षे मुक्काम, किमान पदवी, आणि पहिल्यांदाच पगाराची अट. मालकाने दोन आकडे पाहायचे. एक, आपल्या कंपनीत त्याच कामाला, तेवढ्याच पात्रतेच्या माणसाला प्रत्यक्ष काय देतो. दुसरा, त्या भागात त्या कामाचा ‘प्रचलित पगार’ काय आहे. यातला जो मोठा, तो पाहुण्याला द्यायचा. कागदावर याहून चांगला नियम सुचणे अवघड आहे.

मग फट कुठे राहिली? मालक श्रम खात्याकडे हमीपत्र देतो. खात्याने ते सात दिवसांत पाहायचे, आणि पाहायचे म्हणजे रकाने भरले आहेत का, उघड चूक नाही ना, एवढेच. पुढची चौकशी बहुतांशी तक्रार आली तर. तक्रार करणार कोण? ज्याला कमी पगार मिळतो तो. त्याने तोंड उघडले तर नोकरी जाण्याची भीती, आणि नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्क जातो. नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला साठ दिवसांची अधिकृत मुदत मिळाली ती थेट २०१७ साली.

दुसरी फट त्या ‘प्रचलित’ शब्दातच होती. प्रचलित म्हणजे साधारण सगळ्यांना मिळतो तो, असे आपण समजू. सुरुवातीला नियमाने त्यातही पाच टक्के कमी देण्याची मुभा होती. ती २००४च्या कायद्याने गेली. त्याच कायद्याने पगाराच्या चार पायऱ्या केल्या. एखाद्या शहरातल्या एकाच कामाच्या शंभर जणांना पगाराप्रमाणे चढत्या रांगेत उभे केले, तर पहिल्या पायरीचा पगार साधारण सतराव्या माणसाचा, दुसरीचा चौतिसाव्याचा, तिसरीचा पन्नासाव्याचा आणि चौथीचा सदुसष्टाव्याचा. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्याही खालच्या. आणि काम कोणत्या पायरीचे आहे, हे आधी मालकच लिहितो. ‘देखरेखीखाली साधे काम’ असे वर्णन केले की पायरी खाली येते. २०१९च्या अर्जांचा अभ्यास करून ‘इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट’ या अमेरिकी संस्थेने २०२० साली दाखवले की मंजूर जागांपैकी सुमारे साठ टक्के जागा पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या होत्या. यात कायदा मोडला गेला असे नाही. कायद्याने जेवढे मागितले तेवढेच दिले गेले.

तिसरी गोष्ट आकड्यांची. १९९८ साली, २०००च्या वर्षबदलाच्या संगणकी धास्तीने प्रोग्रॅमरांना प्रचंड मागणी असताना, अमेरिकेने मर्यादा वाढवून १,१५,००० केली. त्याबरोबर काही चांगले नियम आले. काम नसताना माणसाला बिनपगारी ‘बाकावर’ बसवून ठेवायला बंदी झाली. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड वसूल करायला बंदी झाली. मात्र करारात ठरलेली ‘नुकसानभरपाई’ मागायला मोकळीक राहिली. दंड आणि नुकसानभरपाई यांच्यामधून वाट काढणे वकिलांना चांगले जमते. ज्या कंपन्यांत असे पाहुणे फार मोठ्या प्रमाणात आहेत त्यांनी आधी स्थानिक माणूस शोधला पाहिजे, स्थानिकाला काढून पाहुणा नेमता कामा नये, अशीही अट आली. पण पाहुण्याला वर्षाला ६०,००० डॉलर दिले, किंवा तो त्या विषयातला पदव्युत्तर असला, तर या अटीतून सुटका.

१९९८ साली साठ हजार डॉलर ही भक्कम रक्कम होती. पण तो आकडा महागाईशी जोडलाच नाही. त्या साठ हजारांची आजची किंमत एक लाख दहा हजारांहून जास्त होते, कायद्यातला आकडा मात्र साठ हजारच राहिला. काही सेवा कंपन्यांच्या अर्जांत पगार या आकड्याच्या जरासा वर दिसू लागला. किमान म्हणून लावलेली रेघ पुष्कळांच्या बाबतीत कमाल झाली. ऑस्ट्रेलियातही असेच घडले. तिथे परदेशी कुशल कामगाराच्या किमान पगाराचा आकडा २०१३पासून ५३,९०० डॉलरवर थांबला होता. तो जुलै २०२३मध्ये एकदम ७०,००० करावा लागला.

या सगळ्यात कामगाराच्या हाती काही ताकद देणारा बदल झाला तो ऑक्टोबर २०००मध्ये. त्या वर्षी मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० झाली, वर्तमानपत्रांनी तेच ठळक छापले. पण त्याच कायद्यात एक शांत कलम होते: नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की, मंजुरीची वाट न पाहता माणूस तिथे कामाला लागू शकतो. जुन्या मालकाची परवानगी नको. माझ्या मते पगाराच्या सगळ्या कलमांनी मिळून जे केले नसेल ते या एका कलमाने केले. ज्याच्या कौशल्याला मागणी आहे, त्याला पगार वाढवून मागण्यासाठी श्रम खात्याची पायरी चढावी लागली नाही. दुसऱ्या कंपनीचे पत्र पुरले.

मग सगळे ठीक का झाले नाही? कारण ग्रीनकार्डाची रांग. नोकरीच्या आधारे कायम राहण्याचे परवाने वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. एच-१बी मंजुरीत भारतीयांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढे, आणि पुढच्या दारात सात टक्के. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. रांगेत असताना व्हिसा सहा वर्षांपुढे वाढवून मिळतो, क्रमांकही बहुधा टिकतो. पण नोकरी बदलली की नव्या मालकाला कागदपत्रांचा डाव पुन्हा मांडावा लागतो. मुलांच्या शाळा, घराचे हप्ते, रांगेत गेलेली दहा वर्षे, हे सगळे पाहून माणूस म्हणतो, ‘राहू दे, आहे ते बरे आहे.’ हा हिशेब मालकालाही कळतो. पगारवाढीच्या बोलणीत तो न बोलता हजर असतो.

चौथी फट सोडतीची. २००४पासून मर्यादा पुन्हा ६५,००० आणि अमेरिकेतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी झाली. एप्रिल २००७मध्ये पहिल्या दोनच दिवसांत १,२०,०००हून अधिक अर्ज आले आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. चिठ्ठीला पगार दिसत नाही. दोन लाख डॉलरची नोकरी आणि सत्तर हजारांची नोकरी, दोघींना सारखीच संधी. मग ज्याच्याकडे थोड्या पगाराच्या पण पुष्कळ जागा आहेत त्याने जास्त चिठ्ठ्या टाकाव्यात, हे ओघानेच आले. २०२० साली दहा डॉलरमध्ये संगणकावर नाव नोंदवण्याची पद्धत आली आणि मोह आणखी स्वस्त झाला. २०२३च्या नोंदणीत सुमारे ७,८०,००० नोंदी आल्या. त्यातल्या चार लाखांहून अधिक नोंदी एकाच माणसासाठी अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या. २०२४पासून सोडत नोंदीऐवजी माणसावर काढू लागले, तेव्हा संख्या झपाट्याने उतरली.

पगाराचा लगाम घट्ट करण्याचे प्रयत्नही झाले. ऑक्टोबर २०२०मध्ये श्रम खात्याने पहिली पायरी सतराव्या माणसावरून पंचेचाळिसाव्यावर आणि चौथी सदुसष्टाव्यावरून पंच्याण्णवाव्यावर नेली. लोकांचे म्हणणे न ऐकता घाईने नियम केला म्हणून डिसेंबरात न्यायालयाने तो रद्द केला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बाहेरून येणाऱ्या नव्या माणसाच्या अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लावली, ती एका वर्षासाठी. त्या शनिवार-रविवारी भारतात सुटीवर आलेल्या कित्येकांनी मिळेल ते विमान पकडले. डिसेंबर २०२५मध्ये सोडतीचा नवा नियम जाहीर झाला: चौथ्या पायरीच्या पगाराला चार चिठ्ठ्या, तिसरीला तीन, दुसरीला दोन, पहिलीला एक.

चिठ्ठीला पगार दिसावा, हे योग्यच आहे. पण पायरी त्या त्या कामापुरती मोजलेली असते. कमी पगाराच्या धंद्यातला चौथ्या पायरीचा माणूस चार चिठ्ठ्या घेतो, आणि त्याच्याहून जास्त कमावणारा, पण नुकता शिकून बाहेर पडलेला इंजिनीअर एकच. शिवाय काम कोणत्या पायरीचे हे लिहिणारी लेखणी अजून मालकाच्याच हाती आहे. पूर्वी ती खाली ओढण्यात फायदा होता. आता वर ओढण्याचा मोह होईल. आणि ज्याने माणूस आणण्यासाठी लाख डॉलर भरले, तो मालक त्या माणसाला सहज सोडून देईल का, हाही प्रश्न आहे.

आखाताकडे एकदा परत वळून पाहतो, कारण तिथे एक चांगले उदाहरण घडले. कतारने २०२०मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याशिवाय नोकरी बदलण्याची कायद्याने मोकळीक दिली, आणि मार्च २०२१पासून सर्व कामगारांना महिना किमान १,००० रियाल पगार लागू केला. जेवण-निवारा मालक देत नसेल तर त्याचे पैसे वेगळे. अंमलबजावणीच्या तक्रारी पुष्कळ आहेत. तरीही पगाराची रेघ आणि दार उघडण्याची मुभा या दोन गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत, हे तिथल्या कायद्यात लिहिले गेले. अमेरिकेत या दोन गोष्टींवर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या पक्षांनी, वेगवेगळ्या रागातून कायदे केले. म्हणून एकाची भरपाई दुसऱ्याने कधी नीट झाली नाही.

या भांडणात अमेरिकी इंजिनीअर आणि मराठी इंजिनीअर एकमेकांसमोर उभे केले जातात. इतिहास पाहिला तर दोघांचे हित पुष्कळ ठिकाणी एकच आहे. पाहुण्याला मोकळेपणी नोकरी बदलता आली, तर तो स्वस्तात राबणार नाही. तो स्वस्त नसेल, तर स्थानिकाला काढून त्याला आणण्यात कुणाचा फायदा नाही. आपल्याकडे आज घराघरांत कर्ज काढून मुलांना तिकडे शिकायला पाठवले जाते. नोकरीचे पत्र आले की घरातली मोठी माणसे पहिला प्रश्न विचारतात, ‘किती डॉलर?’ त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. त्या शहरात याच कामाला मधल्या माणसाला किती मिळतात? आणि उद्या ही नोकरी सोडायची झाली तर करारात काय लिहिले आहे? पेढे वाटण्याआधी तेवढे वाचून घ्यावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)